लिटरमागे बत्तीस रुपये

२०१२ सालच्या मे महिन्यात तेल कंपन्यांनी पेट्रोलचा दर एका फटक्यात साडेसात रुपयांनी वाढवला. दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे झालं. त्याच पंपावर, शेजारच्या नळीतून मिळणारं डिझेल मात्र ४१ रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक. आपल्याकडे राज्याच्या करांमुळे आकडे थोडे वेगळे होते, पण फरक तसाच डोळ्यांत भरणारा होता.

त्या वर्षी मी शाळेत होतो आणि घरोघरी एकच चर्चा चालू होती: गाडी घ्यायची तर डिझेलच. शोरूममध्ये पेट्रोल गाड्या उभ्या असायच्या आणि डिझेल स्विफ्टसाठी लोक महिनोन्महिने थांबायचे. रोज शंभर किलोमीटर फिरणारा एमआर डिझेल घेत होता हे समजण्यासारखं आहे. पण घरापासून ऑफिस सहा किलोमीटर, मुलांची शाळा दोन किलोमीटर, रविवारी मंडई, एवढंच चालवणारा माणूससुद्धा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल घेत होता. इंजिन कसं आहे हे बघून त्यानं ती गाडी घेतली नव्हती. त्यानं पंपावरचा दरफलक बघितला होता. आणि तो दरफलक मुळात त्याच्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

\*\*\*

आधी इंजिनाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

रुडॉल्फ डिझेलनं त्याचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात चालवून दाखवलं. ते साधारण तीन मीटर उंच होतं. गाडीत बसवायची गोष्ट सोडा, ते खोलीत मावायची मारामार. वाफेच्या इंजिनाला पर्याय म्हणून त्यानं ते बनवलं होतं. कारखाना, पंप, वीजनिर्मिती अशा ठिकाणी एकदा सुरू केलं की तासन् तास चालणारं यंत्र. पुढे ते जहाजांत गेलं, पाणबुड्यांत गेलं, मग ट्रकमध्ये आलं. खुद्द डिझेल १९१३ साली अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. त्या मृत्यूवर डझनभर सिद्धान्त आहेत, पण आपल्याला ते इथे नकोत. विक्रीसाठी बनलेल्या मोटारीत त्याचं इंजिन नावाजलं गेलं ते १९३६च्या मर्सिडीज २६० डी मध्ये, आणि ती गाडी सगळ्यात जास्त कुणी घेतली? टॅक्सीवाल्यांनी. म्हणजे दिवसभर इंजिन बंद न करणाऱ्या माणसांनी.

कारण सरळ आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि त्यात सोडलेलं इंधन पेटतं. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहापट दाबतं, डिझेल सोळा-सतरापट. हा दाब सोसायला इंजिन दणकट लागतं, म्हणून जड आणि महाग. त्याच्या बदल्यात इंधनातली जास्त ऊर्जा चाकापर्यंत पोचते आणि कमी उष्णता वाया जाते. आणि कमी उष्णता वाया जाते म्हणूनच ते गरम व्हायलाही वेळ घेतं. पाच किलोमीटरच्या फेरीत ते नीट तापेपर्यंत तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असता.

डिझेलच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. सिग्नलला उभं असताना डिझेल इंजिन फार कमी इंधन पितं. त्यामुळे आपल्या ट्रॅफिकमध्ये, जिथे अर्धा वेळ गाडी उभीच असते, तिथे डिझेलचं मायलेज पेट्रोलइतकं कोसळत नाही. थंड देशातल्या लोकांइतका गार इंजिनाचा त्रासही आपल्याला नाही. म्हणजे २०१२ साली छोट्या अंतरासाठी डिझेल घेणं यांत्रिकदृष्ट्या घातक नव्हतं, फक्त पैसे खर्च करून नको ती ताकद विकत घेणं होतं. घातक ते पुढे झालं, त्याकडे येतोच.

\*\*\*

आता पंपाकडे. डिझेल स्वस्त का होतं?

सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर आपल्याकडे इंधनाचे दर सरकार ठरवायचं. ट्रक डिझेलवर चालतो, एसटी डिझेलवर चालते, ट्रॅक्टर आणि शेतातलं पंपाचं इंजिन डिझेलवर चालतं. डिझेल वाढलं की कांदा वाढतो, तिकीट वाढतं, निवडणूक अवघड होते. पेट्रोल म्हणजे मोटार आणि स्कूटर असणाऱ्यांचं इंधन, त्यावर कर लावला तर ओरडणारे लोक कमी. ही विभागणी त्या काळात बऱ्यापैकी खरी होती. डिझेल मोटार नावाची वस्तू रस्त्यावर जवळजवळ नव्हतीच. १९८०च्या सुमारास डिझेल अॅम्बेसेडर आली. जड, आवाज करणारी, धूर ओकणारी. ती टॅक्सीत आणि सरकारी कामात खपली. घरासाठी हौसेनं कुणी घेत नव्हतं.

चित्र बदललं पिंपरीत. १९९८ साली टाटांनी इंडिका आणली. भारतीय कंपनीनं विकसित केलेली गाडी, आणि ती बनवायची असेंब्ली लाइन ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलेली. या गाडीला पहिल्या दिवसापासून डिझेलचा पर्याय होता. काही दिवसांतच लाखावर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. सुरुवातीच्या गाड्यांच्या तक्रारी खूप होत्या, मग २००१ साली सुधारलेली व्ही-टू आली आणि इंडिका रुळली. मारुतीनंही १९९८ सालीच फ्रान्सच्या प्यूजोचं इंजिन घालून झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये आणल्या होत्या. तरी सामान्य घरातल्या माणसाच्या डोक्यात डिझेल म्हणजे थरथरणारी टुरिस्ट इंडिका, हेच समीकरण होतं.

ते मोडलं इटलीतल्या एका शोधानं. डिझेल इंजिनात इंधन फवारण्याची पद्धत जुनाट होती, म्हणून ते खडखडायचं. फियाटच्या इंजिनिअरांनी सगळ्या सिलिंडरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देण्याची पद्धत विकसित केली: कॉमन रेल. नव्वदच्या दशकात फियाटची आर्थिक ओढाताण चालू होती, त्यामुळे हे तंत्र उत्पादनासाठी जर्मनीच्या बॉशला विकून टाकलं गेलं. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते पहिल्यांदा बाजारात आलं. पुढे फियाटनं त्याची सुधारित आवृत्ती छोट्या इंजिनात बसवली. १२४८ सीसीचं मल्टिजेट. चार सिलिंडर, छोटं, शांत, आणि कमी आरपीएमला भरपूर ओढ.

हेच इंजिन जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्टच्या बॉनेटखाली भारतात लोकप्रिय झालं. मग डिझायर, रिट्झ, फियाटच्या पुंटो आणि लिनिया, टाटांच्या व्हिस्टा आणि मांझा, सगळीकडे तेच. गाडीवेड्या मंडळींनी त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' असं नावच ठेवलं. मारुतीसाठी ते हरियाणातल्या मानेसरला बनायचं आणि फियाट-टाटांसाठी आपल्या रांजणगावला, अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावाशेजारच्या एमआयडीसीत. मागणी इतकी वाढली की जानेवारी २०१२ मध्ये मारुतीनं स्पर्धक असलेल्या फियाटकडूनच वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं विकत घेण्याचा करार केला. तीही रांजणगावचीच.

सरकारनंही नकळत मदत केली. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. डिझेलला तीनशे सीसीची सूट! मग २५ जून २०१० रोजी सरकारनं पेट्रोलचे दर बाजारावर सोडले आणि डिझेलचे हातात ठेवले. ज्या किरीट पारीख समितीच्या अहवालावरून हा निर्णय झाला, त्या समितीनं डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचं जादा शुल्क लावा असंही सुचवलं होतं. म्हणजे स्वस्त डिझेलचा फायदा मोटारवाला उचलणार हे तज्ज्ञांना तेव्हाच दिसत होतं. ते शुल्क काही लागलं नाही. आमच्या धंद्यात याला अर्धा पॅच टाकणं म्हणतात: एक बग काढायचा आणि त्याच्याच जोडीचा दुसरा तसाच ठेवायचा.

पेट्रोल बाजाराबरोबर वर जात राहिलं, डिझेल जागेवर उभं राहिलं आणि दोन वर्षांत बत्तीस रुपयांची दरी तयार झाली.

\*\*\*

माझे एक काका कराडला शिक्षक होते. शाळा घरापासून सहा किलोमीटर. २०१२ साली त्यांनी छोटी डिझेल हॅचबॅक घेतली. तेव्हा त्यांनी मला वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला होता. "हे बघ, पेट्रोलला किलोमीटरमागे साडेपाच रुपये, डिझेलला अडीच. निम्म्याहून कमी. आता तूच सांग!"

किलोमीटरमागचा हिशेब बरोबरच होता. दिल्लीचे दर धरू, म्हणजे आकडे पक्के राहतील. छोट्या अंतरावर पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर देते आणि डिझेल १६ असं मानू. ७३ भागिले १३ म्हणजे ५ रुपये ६० पैसे. ४१ भागिले १६ म्हणजे २ रुपये ५५ पैसे. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. काकांची शाळेची फेरी, बाजार, वर्षातून चार-पाच वेळा पुणं आणि कोल्हापूर धरून वर्षाला सहा हजार किलोमीटर. वर्षाची बचत १८ हजार. डिझेल गाडी एक लाखानं महाग. म्हणजे तो लाख भरून निघायला साडेपाच वर्षं, तीही कर्जाचं व्याज आणि डिझेलची महागडी सर्व्हिसिंग सोडून. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तोच लाख वीस महिन्यांत सुटतो.

सगळा घोळ इथे आहे. किलोमीटरमागे किती वाचतात हे सगळे विचारत होते, वर्षाला किलोमीटर किती होतात हे फार थोडे. सेल्समनही विचारत नव्हता, त्यानं का विचारावं?

आणि साडेपाच वर्षांचा हा हिशेबसुद्धा एका गृहीतकावर उभा होता: फरक बत्तीसच राहील. तो राहिला नाही. जानेवारी २०१३ मध्ये सरकारनं तेल कंपन्यांना डिझेल दरमहा साधारण पन्नास पैशांनी वाढवायची मुभा दिली. पन्नास पैशांवर कोण मोर्चा काढणार? पण ते महिन्यामागून महिने वाढत गेले. २०१४ साली कच्चं तेल जगभर कोसळायला लागलं आणि ती संधी साधून ऑक्टोबरमध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त केलं गेलं. त्या दिवशी दिल्लीत पेट्रोल ६६ रुपये ६५ पैसे आणि डिझेल ५५ रुपये ६० पैसे होतं. अडीच वर्षांत बत्तीसचे अकरा झाले. वरच्याच मायलेजनं काढलं तर काकांची वर्षाची बचत १८ हजारांवरून दहा हजारांवर आली आणि तो लाख फिटायला साडेपाचऐवजी नऊ वर्षांच्या आसपास लागणार होती.

\*\*\*

काकांचं घरचं गणित एक झालं. देशाचं गणित त्याहून वाईट होतं.

डिझेल बाजारभावापेक्षा स्वस्त विकल्यामुळे तेल कंपन्यांना येणाऱ्या तुटीला 'अंडर-रिकव्हरी' म्हणत. २०१२-१३ या एका वर्षात एकट्या डिझेलवर ही तूट ९२ हजार कोटींच्या आसपास होती. ती सरकारी तिजोरी आणि सरकारी तेल कंपन्या मिळून भरत. हे डिझेल कोण वापरतं याची देशभर पाहणी झाली आणि २०१४च्या सुरुवातीला आकडे बाहेर आले. खासगी मोटारी आणि एसयूव्ही: १३ टक्के. सगळी शेती, ट्रॅक्टर आणि पंपांसकट: तीही १३ टक्के. ज्या शेतकऱ्याचं नाव घेऊन डिझेल स्वस्त ठेवलं होतं, त्याच्याइतकंच डिझेल मोटारवाले पीत होते. टॅक्सी वेगळ्या. ९२ हजार कोटींचे १३ टक्के म्हणजे ढोबळमानानं बारा हजार कोटी, एका वर्षात.

जानेवारी २०१३च्या निर्णयात आणखी एक कलम होतं, त्याची आठवण आज फारशी कुणाला नाही. घाऊक ग्राहकांना डिझेल बाजारभावानं मिळेल, असं ते कलम. घाऊक ग्राहक म्हणजे रेल्वे, लष्कर आणि राज्य परिवहन महामंडळं. म्हणजे पन्नास माणसं घेऊन जाणाऱ्या एसटीला एका रात्रीत लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त, आणि एकटा माणूस बसलेल्या मोटारीला अनुदानाचा दर. मग देशभरातल्या अनेक परिवहन महामंडळांनी आपल्या डेपोतल्या टाक्या बाजूला ठेवून बस रस्त्यावरच्या साध्या पंपावर न्यायला सुरुवात केली. मोटारींच्या रांगेत एसटी उभी, स्वस्त डिझेल मिळावं म्हणून! धोरण कुणासाठी होतं आणि कुणाच्या टाकीत गेलं हे समजायला याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही.

दरांमधल्या अशा फरकांवर भेसळीचा धंदाही पोसला गेला. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षाही कितीतरी स्वस्त, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळायचं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची चोरी चालू असलेली पाहून थांबलेले नाशिक जिल्ह्यातले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. तेव्हाच्या बातम्यांमध्ये 'तेलमाफिया' हा शब्द रोज असायचा. त्या माफियाचा नफा म्हणजे दोन सरकारी दरांमधली वजाबाकी होती.

आणि फुप्फुसांचा हिशेब कुणीच वहीत मांडला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं निःसंदिग्धपणे जाहीर करून त्याला पहिल्या गटात टाकलं ते १२ जून २०१२ रोजी. पेट्रोल ७३ रुपयांवर गेल्याला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, आणि डिझेलच्या शोरूममधली गर्दी तशीच होती.

\*\*\*

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन पकडली गेली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर त्यांनी डिझेल गाड्यांत घातलं होतं. (आमच्या व्यवसायातल्या कुणीतरी तो कोड लिहिला, कुणीतरी तपासून मंजूर केला, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिथे दोन हजार सीसीवरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिने थांबवली. डिझेलची प्रतिष्ठा वर्षभरात उतरली.

पण छोट्या डिझेल गाडीला संपवलं ते बीएस-६ नं. जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं की बीएस-४ वरून बीएस-५ गाळून थेट बीएस-६ वर जायचं, १ एप्रिल २०२० पासून. पेट्रोल गाडीला हा बदल तुलनेनं स्वस्तात जमला. डिझेलला मात्र नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा लागली आणि काजळी पकडायला पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे डीपीएफ. साडेसहा लाखांच्या गाडीवर हा खर्च चढवायचा कसा? एप्रिल २०१९ मध्ये मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी सांगून टाकलं, पुढच्या एप्रिलपासून आम्ही डिझेल गाड्या विकणार नाही. गंमत म्हणजे मारुतीनं स्वतः विकसित केलेलं दीड लिटरचं डिझेल इंजिन तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं. ते वर्षभर जगलं. राष्ट्रीय इंजिनही मारुतीच्या गाड्यांतून त्याच सुमारास गेलं.

हा डीपीएफ नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण छोट्या अंतराचा प्रश्न इथे हिशेबाच्या वहीतून निघून थेट इंजिनात शिरतो.

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी डोळ्यांसमोर आणा. तिच्या नळ्या आलटूनपालटून एका टोकाला बंद केलेल्या. धूर एका नळीत शिरतो, सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीतून बाहेर पडतो आणि काजळी भिंतीवर राहते. काही शे किलोमीटरमध्ये जाळी भरते. मग गाडीचा संगणक ती जाळायचं ठरवतो. त्यासाठी सायलेन्सरमधलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. ते करायला तो नेहमीच्या वेळेनंतर थोडं जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडतो. गाडी एकसारख्या वेगात दहा-वीस मिनिटं चालली तर काजळी जळून जाते, तुम्हाला कळतही नाही.

पण तुमचं ऑफिस पाच किलोमीटरवर असेल तर? साफसफाई सुरू होते आणि तुम्ही गाडी बंद करता. संध्याकाळी पुन्हा सुरू होते, तुम्ही पुन्हा बंद करता. जाळी भरत जाते. जास्तीचं सोडलेलं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवर त्याची पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नये, ते डिझेल असतं.

माझ्या टीममधल्या एकाकडे बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. वाकडहून हिंजवडी, येऊन-जाऊन बारा-तेरा किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वर्षभरात दोनदा डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "सर, गाडी जरा हायवेला मारून आणा." त्यामुळे आता तो महिन्या-दीड महिन्यातून एका रविवारी पहाटे उठतो, द्रुतगती मार्गानं लोणावळ्यापर्यंत जातो, चहा पितो आणि परत येतो. शंभरेक किलोमीटर, टोल वेगळा, फक्त जाळी साफ करायला. "बायकोला फिरायला नेतो म्हणून सांगतो," तो म्हणाला, "पण तिला आता कळलंय."

\*\*\*

जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झालं होतं. २४ जूनला पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे, डिझेल ७९ रुपये ८८ पैसे. तो दिल्ली सरकारनं वाढवलेल्या व्हॅटचा परिणाम होता आणि महिन्याभरात कर कमी झाल्यावर उतरला. मुंबईत तेव्हाही डिझेल आठेक रुपयांनी स्वस्तच होतं. तरी ती बातमी खूप फिरली. स्वस्त डिझेलची सवय पिढ्यान् पिढ्यांची होती.

२०२४-२५ साली पुण्यात पेट्रोल १०४च्या आसपास आणि डिझेल ९०-९१ होतं. काकांच्या मायलेजनंच पुन्हा मांडू: किलोमीटरमागे साधारण दोन रुपये तीस पैसे वाचतात. सहा हजार किलोमीटरला वर्षाला चौदा हजार. डिझेल आवृत्ती आता दीड लाखानं महाग धरली तर भरपाईला जवळपास अकरा वर्षं. शिवाय महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळचा एकरकमी कर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे, म्हणजे आणखी काही महिने. पंधरा वर्षांनी नोंदणीच संपते. सीएनजीला हाच कर तेव्हा ७ टक्के होता, आणि रोजच्या छोट्या फेऱ्या करणारे बरेच जण हल्ली तिकडे वळलेत, डिकी अर्धी जाते हे सोसून.

काका निवृत्त झाले. शाळेची सहा किलोमीटरची फेरी संपली. गाडी अजून आहे. आता ती निघते ती मुलीकडे पुण्याला, नाहीतर कोल्हापूर, पंढरपूर, एकदा थेट हंपी. बीएस-४ असल्यामुळे जाळीची भानगड नाही. हायवेला अजून लिटरला वीसच्या वर देते, हे ते प्रत्येक वेळी सांगतात. मागच्या दिवाळीत मी तो जुना हिशेब त्यांच्यासमोर मांडला, नऊ वर्षांचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, पण तेव्हा पेट्रोल शंभरावर जाणार आणि डिझेल चाळीसलाच राहणार असं सगळेच म्हणत होते." पेट्रोलचं सगळ्यांनी बरोबर सांगितलं होतं.

रांजणगावचा कारखाना चालू आहे. तिथे आता दोन लिटरचं मोठं डिझेल इंजिन बनतं, टाटा हॅरियर आणि जीप कंपाससारख्या गाड्यांसाठी. लांबच्या प्रवासाच्या या गाड्या पुण्यात सकाळी साडेआठला शाळांच्या फाटकासमोर दुहेरी रांगेत उभ्या दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा छोटी गाडी कशाला म्हणायचं याची व्याख्या पुन्हा छापून आली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसी. २००६ सालची तीच तीनशे सीसीची सूट. तिचा फायदा घेणारी डिझेल हॅचबॅक शोधायला गेलात तर शोरूममध्ये टाटांची अल्ट्रोझ सोडून दुसरं नाव सापडणं कठीण आहे.